भुंग्याची खुर्ची

“घरात कोणी नसताना मुलगा कोणाशी तरी बोलतो, हा आजार तर नाही ना?” हा प्रश्न लहान मुलांचे पालक मला वारंवार विचारतात. साडेचार वर्षांच्या एका मुलाची आई हेच विचारत आली (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). मुलगा ‘भुंग्या’ नावाच्या मित्रासाठी जेवताना शेजारची खुर्ची राखून ठेवी, वाटीतली एक शंकरपाळी बाजूला काढी आणि त्या खुर्चीवर कोणी बसले की रडून घर डोक्यावर घेई. आजीने दोनदा दृष्ट काढली होती. वडिलांनी दरडावल्यापासून तो भुंग्याशी कुजबुजत बोलू लागला होता आणि त्यामुळे आई अधिकच धास्तावली होती.

मी मुलाला भुंग्याचे चित्र काढायला सांगितले. पंख रंगवता रंगवता त्यानेच मला समजावले, “तो खरा नाहीये हं, खेळातला आहे.” बहुतेक मुलांना हा फरक कळतो. मानसशास्त्रज्ञ मार्जोरी टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात, सात वर्षांपर्यंतच्या सुमारे ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा सवंगडी होता. मात्र मूल इतर मुलांना टाळू लागले, झोप उडाली किंवा ‘मित्र सांगतो’ म्हणून स्वतःला वा दुसऱ्याला इजा करू लागले, तर तज्ज्ञांना अवश्य दाखवावे.

आईवडिलांना मी ‘मूनबर्ड’ या १९५९ च्या अमेरिकन लघु-अ‍ॅनिमेशनपटाविषयी सांगितले. जॉन आणि फेथ हबली या दांपत्याने आपल्या दोन लहान मुलांचे खेळतानाचे बोलणे ध्वनिमुद्रित केले आणि त्यावरच रात्री पक्षी पकडायला निघालेल्या दोन भावांची ही गोष्ट उभी केली. तिला ऑस्कर मिळाले. मुलांचे बडबडणे न थांबवता, न सुधारता ऐकणारे ते आईबाप मला फार मोलाचे वाटतात. म्हणून मी या दोघांनाही आठ दिवस काहीही न विचारता, कानावर पडेल तेवढे वहीत लिहायला सांगितले.

पाचव्या दिवशीच्या पानावर आईने लिहिले होते : “भुंग्या शाळेत शू करायला जात नाही. आतली कडी त्याला उघडत नाही.” शाळेतून आल्याआल्या मुलगा मोरीकडे का धावतो, हे तिला तेव्हा उमगले. तिने बाईंशी बोलून घेतले आणि आता मावशी दाराबाहेर उभ्या राहतात. भुंग्या अजूनही जेवायला असतो, आणि त्या खुर्चीवर बसण्यापूर्वी बाबा मुलाला विचारतात.