‘ऑक्सिजन संपला तर?’

प्रश्न : मी पुण्यात बँकेत नोकरी करते. गेल्या वर्षी अंदमानातील स्वराज द्वीप येथे स्कूबा डायव्हिंगचे प्रशिक्षण घेऊन १८ मीटरपर्यंत उतरण्याचे प्रमाणपत्र मिळवले. तेव्हापासून कोणत्याही समारंभात हा विषय निघाला की ‘ऑक्सिजन संपला तर?’, ‘शार्क नसतात का?’ आणि ‘अगं, आम्हीही मालवणला केले आहे’ ही तीन वाक्ये ठरलेली असतात. ‘दोन मुलांच्या आईला हे उद्योग कशाला?’ असे सासूबाई चारचौघांत म्हणतात. मी आधी चिडते आणि मग गप्प बसते. काय उत्तर द्यावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपला वैताग समजतो, पण या सगळ्यांना एकाच मापाने मोजू नये. ऑक्सिजनचा प्रश्न शब्दांत चुकलेला असला, तरी रोख अगदी बरोबर आहे. टाकीत ऑक्सिजन नसून आपली नेहमीचीच हवा गाळून, कोरडी करून, दाबून भरलेली असते. शुद्ध ऑक्सिजन तर सहा मीटरच्या खाली घातक ठरू लागतो. एवढे ऐकल्यावर समोरच्याचे कुतूहल जागे होते, तेव्हा पुढचा हिशेब मांडावा. १२ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) सुमारे २,४०० लिटर हवा मावते. मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्याला ती पाण्यावर दोन तास पुरेल, पण १० मीटरवर दाब दुप्पट होत असल्याने एकच तास, आणि २० मीटरवर जेमतेम ४० मिनिटे. म्हणूनच दाबमापकावर सतत नजर ठेवून सुमारे ५० बार शिल्लक असतानाच वर येण्याची शिस्त असते, आणि काही बिघडलेच तर सोबत्याकडे आपल्यासाठी जादा रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडाने घेण्याचे साधन, असतो.

गंमत अशी की, वर येण्याविषयी कोणी विचारतच नाही. श्वास रोखून वर आल्यास फुप्फुसांतील हवा प्रसरण पावून इजा होते आणि घाईने आल्यास रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. त्यासाठीच पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे आणि पुढे निदान १८ तास विमानात बसायचे नाही.

शार्कचा प्रश्न मात्र हसण्यावारी न्यावा. मालवणच्या खाणावळीत मोरीचे मटण चाटूनपुसून खाणाऱ्या पुष्कळांना आपण शार्कच खात आहोत, याची कल्पना नसते. ती द्यावी.

‘आम्हीही केले आहे’ या वाक्याचा आपल्याला राग येतो, तो मला पटत नाही. त्यांना पोहता येत नसेल, प्रशिक्षकाने टाकी धरून त्यांना चार-पाच मीटर खाली नेऊन आणले असेल. २०० मीटर पोहणे, दहा मिनिटे तरंगणे, पाण्याखाली मास्क काढून पुन्हा लावणे हे सारे आपण केले आणि त्यांनी केले नाही, हेही खरे. तरीही पाण्याखालचा पहिला श्वास त्यांनी घेतलेला आहे. तेव्हा खोलीचे आकडे ऐकवण्याऐवजी (ही खोड आम्हा डायव्हर मंडळींना फार!) तो श्वास कसा वाटला, हे विचारावे. त्या घोळक्यात आपले म्हणणे खऱ्या अर्थाने समजणारी तीच व्यक्ती असते.

सासूबाईंचे वाक्य हा प्रश्नच नव्हे, त्यामुळे त्याला समारंभात उत्तर देऊ नये. दोन मुलांच्या वडिलांना असे कोणी विचारत नाही, हे बोलून दाखवायचे झाले तर ते आपल्या पतीने दाखवावे. भीती मात्र खरी असू शकते. सहलीला निघण्यापूर्वी कोणासोबत उतरणार, किती वाजता बाहेर येणार हे त्यांना सांगावे आणि बोटीतून किनाऱ्यावर येताच फोन करावा. परतल्यावर आपले लॉगबुक त्यांच्या हाती द्यावे. त्यात प्रत्येक डाइव्हची खोली, वेळ आणि वर येताना उरलेली हवा लिहिलेली असते. आयुष्यभर घरखर्चाची वही लिहिलेल्या बाईला शिलकेचा रकाना समजावून सांगावा लागणार नाही.