सहामाहीचे मार्क पाठवायचे की नाही?

जानेवारी उजाडला की पुण्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच प्रश्न येत राहतो. "मॅडम, अमेरिकेचे अर्ज भरून झालेत, पण बारावीच्या सहामाहीत मार्क घसरले. नाही पाठवले तर चालणार नाही का?" काही पालक आवाज खाली आणून पुढचंही विचारतात, शाळेला सांगून थोडे वाढवून घेता येतील का. त्याला माझं उत्तर "नाही" एवढंच. पहिल्या प्रश्नासाठी मात्र बसावं लागतं.

मीरा (नाव बदललंय) आईबरोबर आली तेव्हा गुणपत्रिका बारीक घडी घालून कंपासपेटीत ठेवलेली होती. फिजिक्स 61. अकरावीत 88 होते. आई म्हणाली, "दिवाळीपासून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत निबंध लिहीत बसायची हो. नऊ युनिव्हर्सिट्यांचे!"

मीराचं एकच पालुपद. "हे त्यांना कळलं की संपलं."

तीन भेटी मी तिथेच खोदत राहिले. संपलं म्हणजे काय? नऊही ठिकाणी नकार? आणि तसं झालंच, तर? ती शहाण्यासारखी उत्तरं द्यायची, पण चेहरा तसाच. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. मूल बरोबर उत्तरं देतं आणि तरी मोकळं होत नाही, तेव्हा आपण भलत्याच भीतीशी बोलत असतो.

चौथ्या भेटीत विचारलं, "हे मार्क पाठवतं कोण गं?"

कंपासपेटीचं झाकण बराच वेळ उघडत-मिटत राहिलं.

"शाळेतल्या काउन्सेलर मॅडम. त्या म्हणाल्या होत्या, तुझं शिफारसपत्र लिहिताना मला विचारच करावा लागला नाही. आता त्यांनाच हे पाठवावं लागणार." मग एकदम, "मी त्यांना खोटं पाडलं."

आणि ती रडली. मी रडू दिलं. भीती अमेरिकेत नव्हतीच, शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर होती!

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारावर माझा पिंड पोसलाय: त्रास घटनेने होत नाही, तिला आपण लावलेल्या अर्थाने होतो. 61 हा आकडा. "मी खोटं पाडलं" हा तिने त्याला लावलेला अर्थ. अर्थ तपासता येतो, आणि हा तपासायचा तर त्या मॅडमकडेच जायला हवं होतं.

आता व्यवहाराचं. कॉमन ॲप म्हणजे अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज. त्यात सहामाहीचा अहवाल विद्यार्थी भरत नाही, शाळेचा काउन्सेलर भरतो आणि गुणपत्रिका जोडतो. साधारण जानेवारी-फेब्रुवारीत. सगळीच विद्यापीठं तो मागत नाहीत, म्हणून प्रत्येकाची यादी आधी पाहा. अमेरिकेतल्या एमआयटीचा अर्जच वेगळा, तिथे फेब्रुवारीत विद्यार्थ्यानेच माहिती भरायची असते. जिथे मागितलाय तिथे तो दडवण्यात अर्थ नाही: गुण आले नाहीत तर अर्ज अपुरा दिसतो. शिवाय अर्जावर सही करताना आपण मान्य केलेलं असतं की प्रवेश शेवटच्या निकालावर अवलंबून आहे. बोर्डाचा निकाल जाणारच. आपल्याकडे प्रिलिमचे पेपर अनेक शाळा मुद्दाम कडक तपासतात, हे तिथल्या वाचणाऱ्याला ठाऊक असेलच असं नाही. ते शाळेनेच लिहावं, पालकांनी नव्हे. घसरणीला खरं कारण असेल तर ते थोडक्यात सांगावं, आणि आता काय करतोय तेही.

मीराने मॅडमना द्यायला चिठ्ठी लिहून आणली. दीड पान, त्यात "सॉरी" सात वेळा. आम्ही दोघींनी बसून एकेक ओळ खोडली. उरलं ते एवढंच: "नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अर्जांच्या नादात फिजिक्सकडे दुर्लक्ष झालं. चूक माझी. 61 आहेत. आता रोज सकाळी एक तास जुने पेपर सोडवते. तुम्ही माझ्याबद्दल चांगलं लिहिलंत, म्हणून हे तुम्हाला समोर येऊन सांगायचं होतं."

सोमवारी मधल्या सुट्टीत ती गेली. मॅडमच्या टेबलावर तिची गुणपत्रिका आधीच आलेली होती. त्यांनी चिठ्ठी वाचली, समोरची खुर्ची ओढून दिली आणि विचारलं, "हल्ली झोपतेस किती वाजता?"