केनिया एए कॉफी आंबट लागते, म्हणजे खराब झाली आहे का?

खराब वगैरे काही नाही. तुमच्या पाकिटावर 'केनिया एए, न्येरी' लिहिलंय, तुम्ही ती नेहमीसारखी दूध-साखर घालून उकळलीत, आणि ती आंबट, काहीशी टोमॅटोच्या साराकडे झुकणारी लागली. कॉफी बरोबर आहे, कृती चुकीची आहे. आंबटपणा हाच तिचा गुण, त्यासाठीच जगभरचे लोक जास्तीचे पैसे मोजतात. नोकरीनिमित्त काही वर्षं नायरोबीत राहिलोय आणि न्येरीकडे जाऊन कॉफीचं काम बघितलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी 'एए'चा गैरसमज. एए ही चवीची प्रत नाही, दाण्याचा आकार आहे. साधारण 7 मिलिमीटरच्या भोकांच्या चाळणीवर जो दाणा अडकून राहतो तो एए. त्याहून लहान तो एबी, आणि फळात दोनऐवजी एकच गोल दाणा भरला तर पीबी. मोठ्या दाण्याला भाव बरा मिळतो हे खरं, पण नायरोबीच्या लिलावात प्रत्येक लॉटचा नमुना चाखून वेगळी बोली लागते, आणि चांगल्या फॅक्टरीचा, म्हणजे फळं धुण्याच्या केंद्राचा, एबी एखाद्या सुमार एएच्या वर सहज जातो. तुमच्या पाकिटावरचा खरा कामाचा शब्द 'न्येरी' आहे.

या चवीचं पहिलं कारण तोच. न्येरी म्हणजे माउंट केनिया आणि अ‍ॅबरडेअर डोंगररांग यांच्यामधला भाग. ज्वालामुखीची खोल लाल माती, उंची 1,600 ते 1,900 मीटरच्या आसपास. विषुववृत्त इतकं जवळ असूनही रात्री स्वेटर लागतो. या गारव्यामुळे फळ सावकाश पिकतं, दाणा घट्ट होतो आणि त्यात साखर आणि आम्लं दोन्ही भरपूर साठतात.

दुसरं कारण झाडाची जात, आणि हा इतिहास मोठा गमतीचा आहे. अरेबिका या कॉफीच्या प्रकाराचं मूळ घर इथिओपिया, केनियाला अगदी खेटून. पण कॉफी तिथून सरळ खाली उतरली नाही. ती आधी येमेनला गेली, तिथून फ्रेंचांनी हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर नेली, आणि 1893 साली फ्रेंच मिशनऱ्यांनी त्या बेटावरच्या वाणाचं बी केनियाच्या ताइता टेकड्यांत लावलं. शेजारच्या घरी जायला एवढा वळसा! पुढे 1930च्या दशकात नायरोबीजवळ काबेतेच्या स्कॉट प्रयोगशाळेत निवडक झाडांना क्रमांक देऊन त्यांच्या जाती काढल्या गेल्या. त्यातली एसएल 28 (एसएल म्हणजे स्कॉट लॅबोरेटरीज) ही टांगानिकातून, म्हणजे आजच्या टांझानियातून आलेल्या, दुष्काळाला तोंड देणाऱ्या झाडांमधून निवडलेली. पीक बेताचंच, रोग लवकर धरतो, पण चव अशी की शेतकरी ती सहसा उपटत नाहीत. रोगाला दाद न देणाऱ्या रुइरू 11 (1985) आणि बाटियान (2010) या जाती नंतर आल्या. त्याही आता भरपूर लावतात, पण जुने चाखणारे अजून एसएलचंच नाव काढतात.

आणि तिसरं कारण म्हणजे फळ धुण्याची पद्धत. तिथे 'फॅक्टरी' म्हणतात ती आपल्या डोळ्यांपुढे येते तशी नसते. ओढ्याकाठी एक पत्र्याची शेड, सिमेंटच्या टाक्या आणि लांबच लांब उथळ पन्हळी. आसपासचे छोटे शेतकरी, कुणाची दोनशे झाडं तर कुणाची पाचशे, सकाळी तोडलेली फळं पोत्यातून आणतात. वजन करण्याआधी पोतं जमिनीवर ओतायचं आणि हिरवी, जास्त पिकलेली, किडकी फळं स्वतःच वेचून काढायची. फॅक्टरीचा माणूस वरून बघत असतो आणि त्याला एक हिरवं फळ दिसलं तरी पुन्हा वाकायला लावतो. मग साल काढून दाणे टाकीत आंबवतात, म्हणजे वरचा बुळबुळीत गर सुटतो. पन्हळीत पाणी सोडून लाकडी फळ्यांनी ते दाणे प्रवाहाच्या उलट दिशेला ढकलत राहतात. हलके पोकळ दाणे वाहून पुढे जातात, जड तळाशी राहतात. धुतलेला दाणा हातात घासला की गोट्यांसारखा करकर वाजतो, तेव्हा गर गेला असं समजायचं. बऱ्याच ठिकाणी त्यानंतर पुन्हा एक दिवस स्वच्छ पाण्यात भिजत ठेवतात आणि मग जाळीच्या उंच मंचांवर वाळवतात. भर दुपारी आणि रात्री वर कापड टाकायचं, नाहीतर दाणा तडकतो किंवा दमट होतो. गर इतका निपटून काढल्यामुळेच चव स्वच्छ येते आणि आंबटपणा झाकला जात नाही.

एक कडवट बाजूही सांगायला हवी. ब्रिटिश राजवटीत स्थानिक आफ्रिकन शेतकऱ्यांना कॉफी लावायला बराच काळ बंदीच होती. मळे गोऱ्यांचे, मजुरी यांची. 1930च्या दशकात थोडी मोकळीक मिळाली, पण खरं दार उघडलं ते 1950च्या दशकात. आज निम्म्याहून जास्त पीक सहकारी संस्थांतल्या छोट्या शेतकऱ्यांचं आहे. आणि त्यांच्या घरी गेलात तर समोर काय येतं? दुधात उकळलेला गोड चहा. कॉफी जवळजवळ सगळी परदेशी जाते.

आता तुमचं पाकीट. आपली फिल्टर कॉफी काळपट भाजलेली, बहुतेकदा रोबस्टा आणि चिकोरी घातलेली, म्हणजे दुधाला भारी पडावी अशीच केलेली असते. ही हलकी भाजलेली आहे आणि हलक्या भाजणीत आम्लं शाबूत राहतात. दुधात ती बिचकते. म्हणून 15 ग्रॅम मध्यम दळलेली पूड, 240 मिली पाणी. पाणी उकळलं की मिनिटभर थांबा, कागदाच्या फिल्टरमधून हळूहळू तीनेक मिनिटांत गाळा. दूध नको, पहिल्या कपाला साखरही नको. गरमागरम घोट घेऊ नका. कोमट होत गेली की टोमॅटो मागे सरतो आणि ब्लॅककरंट आइस्क्रीमची आठवण येईल असा फळाचा स्वाद वर येतो, शेवटी किंचित उसाच्या रसासारखी गोडी. मला त्यात पिकलेलं करवंद सापडतं, पण घरात कुणी ते मान्य करत नाही.

एवढं करूनही नाही आवडली तर मन मारून पिऊ नका. कुणा शौकिनाला देऊन टाका, दोन दिवसांत संपवेल. जायफळ आणि दूध घातलेल्या कॉफीसाठी चिकमगळूरची पूडच घ्या, त्या कामाला ती या एएपेक्षा सरस आहे. आणि पाकिटावर भाजल्याची तारीख बघा. दोन-तीन महिन्यांपूर्वीची असेल तर फळाचा वास बराचसा उडालेला असणार आणि नुसता आंबटपणा उरलेला असणार, मग वरची सगळी कृती करूनही फार काही हाती लागणार नाही.