टर्बो बदला, सेन्सर बदला, हेड उतरवा… थांबा की जरा! (गाडीची प्रश्नोत्तरे)

खानापूरहून प्रश्न : पेट्रोल गाडी आहे, जुनी. हायवेनं धारवाडला गेलं तर काही होत नाही पण जांबोटीवरून चोर्ला घाट चढताना ट्रकच्या मागं अडकलो की तापाय लागते. गॅरेजवाल्यानं ऑइलचं झाकण उघडून पांढरट फेस दाखवला आणि म्हणाला, हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड, त्याच्याखालचं सील) गेलंय, इंजिन खोलाय लागणार. खोलू का?

अजून नको. निम्मं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. हायवेला समोरून वारा लागतो त्यामुळं रेडिएटर थंड राहतो, घाटात ट्रकच्या मागं वारा कुठला, तिथं सगळी भिस्त फॅनवर. म्हणून पहिला संशय फॅन, त्याचा रिले, फ्यूज आणि कनेक्टर. गाडी उभी करून एसी लावा, बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरायला पाहिजे. काही गाड्यांत फॅनला दोन स्पीड असतात आणि त्यातला एकच मेलेला असतो, म्हणजे फॅन फिरताना तर दिसतो पण पुरत नाही, हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. फॅन ठीक निघाला तर थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंट सोडणारा व्हॉल्व्ह) आणि रेडिएटरचं झाकण बघा. आणि कूलंटच्या जागी बोअरचं पाणी ओतत असाल तर ते आधी बंद करा, क्षार धरून आतल्या नळ्या तुंबतात.

आता तो फेस. तुमच्याकडं पावसाळ्यात हवा किती दमट असते हे मी सांगायला नको. गाडी घर ते बाजार एवढीच फिरली की इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ झाकणाखाली जमते आणि ऑइलमध्ये मिसळून फेस होतो. डिपस्टिक ओढून बघा. तिथलं ऑइल स्वच्छ असेल तर झाकण पुसा, एकदा बेळगावपर्यंत लांब चक्कर मारा आणि परत बघा. गॅस्केट खरंच गेलं असेल तर बाहेर कुठंही गळती नसताना कूलंट कमी होतं, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, कूलंटच्या टाकीत बुडबुडे थांबत नाहीत. आणि पक्कं करायला एक साधी टेस्ट आहे, रेडिएटरच्या तोंडावर निळं लिक्विड असलेली नळी धरतात, इंजिनातला जळका गॅस पाण्यात येत असेल तर ते पिवळं पडतं. ही टेस्ट न करता हेड उतरवा म्हणणाऱ्याकडं गाडी सोडू नका. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण मात्र स्वतः उघडायला जाऊ नका, तोंड भाजेल.

उद्या हेड उतरवावंच लागलं तर नुसतं नवीन गॅस्केट घालून बसवू देऊ नका. सरफेस सरळ आहे का, कुठं क्रॅक आहे का हे तपासायलाच पाहिजे. बेळगावच्या उद्यमबागेसारखी मशीनिंगची वसाहत जवळ असताना डोळ्यानं बघून ‘सरळ आहे’ म्हणणं हा निव्वळ आळस.

निपाणीहून प्रश्न : चेक इंजिनचा लाइट आला. स्कॅनरला पी०१७१ कोड दाखवला, मेकॅनिकनं ऑक्सिजन सेन्सर बदलला. आठवड्यात लाइट परत. आता म्हणतोय इसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेला.

या कोडचा अर्थ एवढाच की हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. सेन्सर बिचारा साक्षीदार आहे, त्यानं खरं सांगितलं म्हणून त्यालाच काढून टाकला! स्कॅनरवर लाइव्ह डेटा लावून फ्यूल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय-कमी करतोय तो आकडा) बघायला सांगा. आयडलला ट्रिम जास्त आणि अडीच हजार आरपीएमला कमी होत असेल तर कुठंतरी व्हॅक्यूमचा पाइप फाटलाय. उलट लोडवर वाढत असेल तर फ्यूल पंप, फिल्टर किंवा घाण झालेला एअरफ्लो सेन्सर. इसीएम सगळ्यात शेवटी. आणि लाइट नुसता पेटलेला न राहता लुकलुकायला लागला तर मिसफायर आहे, गाडी हळू करून बाजूला घ्या, नाहीतर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळेल.

चिकोडीहून प्रश्न : मायलेज थोडं पडलंय, २०१४ ची पेट्रोल गाडी. पिस्टनच्या रिंगा गेल्या म्हणतात.

थोडं म्हणजे किती ते टाकी फुल करून मोजा. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आहे आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, तेव्हा थोडी घट येणारच (आपल्याच उसाचं म्हणून तक्रार कुणाकडं करायची!). ऑइल कमी होत नाही, निळा धूर नाही, तर रिंगांचं नाव काढायचं कारण नाही. तरी शंका असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं) करा.

शहापूर, बेळगावहून प्रश्न : डिझेल गाडी चढाला ओढत नव्हती, काळा धूर. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) बदलला, मोठा खर्च झाला, दुखणं तेच. मेकॅनिक वडिलांच्या ओळखीतले, आम्ही मामा म्हणतो. भांडू कसं?

भांडू नका, जुना टर्बो मागा. ‘मामा, जुना पार्ट ठेवलाय न्हवं? घेऊन जातो,’ एवढंच. त्याचा शाफ्ट हलवून बघा, ढिला नसेल आणि पंखा घासल्याच्या खुणा नसतील तर टर्बो चांगलाच होता. मग इंटरकूलरचे (टर्बोनं दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाचे) पाइप बघा, चीर गेली की दाबलेली हवा बाहेर जाते आणि अगदी हीच लक्षणं दिसतात, पाइपवर तेलकट डाग दिसेल. तिथं काही नाही तर काजळीनं अडकलेला इजीआर व्हॉल्व्ह (जळका गॅस थोडा परत इंजिनात सोडणारा).

पैशाचं म्हणाल तर पक्कं बिल असेल तरच पुढचं बोलणं. दुसऱ्या गॅरेजकडून खरा फॉल्ट काय होता ते लिहून घ्या, तो कागद मामांसमोर ठेवा आणि निदान मजुरी परत मागा. ओळखीत बहुतेक वेळा इथंच मिटतं. नाहीच मिटलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडं २ वर्षांच्या आत तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण तोपर्यंत जुना टर्बो भंगारात घालू नका.