साडेदहा वर्षांची मोठी माणसं

वहीच्या दुरेघी पानावर, पेन्सिलीने लिहिलेलं पत्र आलंय. खाली सही नुसती ‘ताई’. बहिणींची नावं मी बदलली आहेत, बाकी मजकूर तिचाच, थोडा कमी करून:

“प्रिय माई, मी गोव्यात सत्तरी तालुक्यात राहते. माझं वय साडेदहा. मला दोन बहिणी आहेत. मनू सहा वर्षांची आणि चिंगी तीन वर्षांची. मनू माझं सगळं कॉपी करते. मी डावीकडे भांग पाडला की तीपण पाडते. माझा लाल स्केचपेन तिने टोपण न लावता ठेवला आणि तो सुकला. चिंगीने माझ्या वहीचं नदीचं चित्र फाडलं आणि हसली. आई म्हणते, तू मोठी ना, जाऊ दे. मी रडले तर म्हणते, एवढी घोडी झालीस आणि रडतेस. आणि मोबाईल मागितला तर म्हणते, तू अजून लहान आहेस. मग मी नक्की कोण आहे? चवथीला (गणेशचतुर्थीला) मी आबांबरोबर माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचं) सामान आणायला रानात गेले होते. मला जळू लागली तरी मी रडले नाही. पण माटोळी बांधताना मनू रडायला लागली म्हणून तिला स्टुलावर उभं केलं आणि मला खाली सुतळी धरायला लावली. पुढच्या जन्मी मला शेंडेफळ व्हायचं आहे. त्यासाठी काय करावं?”

बाये, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्या विषयातली मी जाणकार आहे. मी चार बहिणींतली चौथी. शेंडेफळाला नवा गणवेश मिळत नाही, तीनदा उसवून शिवलेला मिळतो. माझ्या इतिहासाच्या पुस्तकात सगळ्या राण्यांना मिशा होत्या, आणि त्या मी काढलेल्या नव्हत्या. थोरल्या ताईच्या बारशाच्या फोटोंचा अख्खा अल्बम आहे, माझा एक फोटो आहे आणि त्यात मी अर्धी कापली गेलेय. आज माझे केस पिकलेत तरी घरात काही ठरवायचं असलं की ‘तुला काय कळतंय’ हे मलाच ऐकावं लागतं. तेव्हा पुढच्या जन्मीचा अर्ज नीट विचार करून भर.

आता ‘मी नक्की कोण आहे?’ याचं उत्तर. तू साडेदहा वर्षांची आहेस. तेवढंच. मोठ्या माणसांना काम असलं की तू मोठी होतेस आणि तुला काही हवं असलं की लहान होतेस, हे तू बरोबर पकडलंस. आई हे मुद्दाम करत नाही. तिच्या लक्षातही येत नसेल. तरी तुझं निरीक्षण खरं आहे, आणि पत्राच्या शेवटी मी आईसाठी चार ओळी लिहिल्यात, त्यात तिला ते सांगितलंय.

चिंगीच्या खटल्याचा निकाल लगेच देते: निर्दोष सुटका. पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस, स्वतः तपासून बघ. एक बिस्किटाचा रिकामा डबा घे, आत खडू भर. चिंगीला विचार, यात काय आहे? ती म्हणेल, बिस्किटं. मग उघडून खडू दाखव आणि झाकण लाव. आता विचार, ‘आजीने हा डबा उघडून बघितला नाहीये. तिला काय वाटेल, आत काय आहे?’ चिंगी बहुतेक म्हणेल, ‘खडू!’ आपल्याला जे माहीत ते आजीलाही माहीत असणारच, असं तिला वाटतं. हाच खेळ मनूशी खेळलीस तर ती आजीला फसवायच्या आनंदाने खिदळत सांगेल, ‘बिस्किटं!’ ऑस्ट्रियातल्या हाइन्झ विमर आणि योझेफ पेर्नर या दोघांनी १९८३ साली लहान मुलांना एक गोष्ट सांगून असंच काहीसं विचारलं होतं. गोष्टीतला मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, त्याची आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर तो कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं चुकतात. चार-पाचच्या पुढे उत्तरं बरोबर यायला लागतात. दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, हे समजायला माणसाला एवढी वर्षं लागतात. चिंगीला कागद फाटल्याचा आवाज आवडला म्हणून ती हसली. त्या चित्रासाठी तू रविवारची दुपार घालवलीस, हे तिच्या गावीही नाही. म्हणून तिला समजावत बसू नकोस, वही उंचावर ठेव.

मनूचं तसं नाही. तिला सगळं कळतं. लाल स्केचपेनच्या बाबतीत ती दोषी आहे आणि तिने दिवाळीच्या पैशांतून नवा आणून द्यावा. भांगाचं मात्र सोडून दे. भांग फुकट आहे, आणि तू उजवीकडे पाडलास तर उद्या तीही उजवीकडे पाडेल, मग तुलाच आरशासमोर जास्त वेळ जाईल. तिला वस्तू घेण्याआधी विचारायला लाव. तिने विचारल्यावर ‘नाही’ म्हणायचा तुला हक्क आहे. हे वाक्य मी मुद्दाम लिहितेय, घरात दाखव. सगळंच वाटून घ्यायला हवं असं काही नाही. घरातली एक पेटी, एक खण किंवा एखादा जुना पत्र्याचा डबा असा माग, ज्याला तुझ्याशिवाय कोणी हात लावणार नाही, आईसुद्धा नाही. उंच फळी उपयोगाची नाही. मनूला स्टूल ओढता येतं.

आणखी एक गंमत सांगते. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी भोंगा वाजवत येतो तेव्हा तीन काकणं (बांगडीसारखे पाव) घेतली तर भांडण होत नाही, दोन घेतली तर होतं. दिवाळीच्या पहाटे तुळशीसमोर प्रत्येकीला पायाखाली फोडायला आपापलं कारीट असतं, तिथेही कोणी रडत नाही. भांडणं होतात ती घरात एकच असलेल्या गोष्टीवरून. एक स्टूल. गाडीतली एक खिडकी. आजीच्या शेजारची एक जागा. अशा गोष्टींची पाळी लावायची, आणि ती आईने नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरने ठरवायची. तुला भागाकार येतो ना? तारखेला तीनने भाग. बाकी एक उरली तर दिवस तुझा. दोन उरली तर मनूचा. काहीच उरलं नाही तर चिंगीचा. आज तेरा तारीख असली तर खिडकी तुझी, संपला विषय. आता जरा जवळ ये, हळू बोलते. एकतीस तारखेला बाकी एक उरते आणि दुसऱ्या दिवशी एक तारखेलाही एकच उरते. म्हणजे ज्या महिन्याला एकतीस दिवस, त्याच्या शेवटी तुला लागोपाठ दोन दिवस मिळतात. मनू भागाकार शिकेपर्यंत हा मोठेपणाचा भत्ता समज.

एवढं झाल्यावर खऱ्या दुखण्याकडे येऊ. स्केचपेनला तू एक ओळ दिलीस, वहीला एक. माटोळीला मूळ पत्रात पाऊण पान आहे, आणि तिथे पेन्सिल एवढी दाबून लिहिलंस की मागच्या बाजूला अक्षरं उठलीत.

(गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी: चवथीला आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला त्या ऋतूतली फळं, भाज्या, रानातल्या वेली, पानं, फुलं बांधतात. सुपारीचा घड, नारळ, तोरिंग, चिबूड, आंबाडे, आणि नाव फक्त आबांनाच ठाऊक असलेली पाच-दहा रानफळं. हीच माटोळी. सरकारचं कला आणि संस्कृती संचालनालय तिच्या स्पर्धा घेतं. बाजारातही सामान मिळतं, पण रानात जाऊन आणलेल्या माटोळीचा तोरा वेगळा.)

तर बाये, तू भर पावसात आबांच्या मागून गेलीस, जळू लागली, ओलं सामान डोक्यावरून आणलंस, आणि बांधायच्या वेळी सुतळी धरून खाली उभी राहिलीस. वर मनू. सगळे तिला म्हणत होते, ‘बघा, मनूने केवढं बांधलं!’ हे वाक्य तू पत्रात दोनदा लिहिलंयस. तुला वाईट वाटलं ते बरोबरच वाटलं. यात मत्सर नाही. ज्याने कष्ट केले त्याचं नाव निघालं नाही, याचं कोणालाही वाईट वाटतं. तुझ्या बाबांच्या ऑफिसात असं झालं असतं तर ते आठवडाभर जेवताना तेच बोलले असते.

मला दाट शंका आहे की आईला हे माहीतच नाही. चवथीच्या आदल्या दिवशी ती कुठे असेल? चुलीशी, नेवऱ्यांच्या घाण्यात. मनूचं रडणं तिला ऐकू गेलं, तुझं गप्प राहणं ऐकू जायला वाव नव्हता. त्यामुळे ते तिला तुलाच सांगायला लागेल. सकाळी डब्याच्या घाईत सांगू नकोस. रात्री चिंगीला थोपटत असतानाही नको. आई आदोळीवर (विळीवर) नारळ खवायला बसली की समोर जाऊन बस. तेव्हा तिचे हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात, आणि नारळ संपेपर्यंत ती उठू शकत नाही. ‘तू नेहमीच मनूला’ अशी सुरुवात केलीस तर ती मनूची बाजू घ्यायला लागेल आणि तुझी गोष्ट राहून जाईल. मनूचं नावच काढू नकोस. एवढंच म्हण: ‘आई, रानातून सामान मी आणलं होतं, मला ते बांधायचं होतं. मला फार वाईट वाटलं.’ ती ‘एवढंच ना’ म्हणाली तर गप्प बसायचं नाही. ‘माझ्यासाठी एवढंच नव्हतं’ म्हणायचं. रडू आलं तर येऊ दे. घोड्यांनाही रडू येतं.

आणि आबांना गाठ. त्यांच्याकडून यंदा आणलेल्या प्रत्येक फळाचं नाव लिहून घे, शेजारी चित्र काढ, कुठल्या झाडाखाली मिळालं तेही लिही. पुढच्या वर्षी कुठली वेल कुठे, हे घरात आबांच्या खालोखाल तुला माहीत असेल, आणि जो जाणतो त्याला बाजूला सारणं कठीण असतं. ती वही कुठे ठेवायची हे आता तुला ठाऊक आहेच.

आता पुढचं आईला वाच म्हणावं.

वहिनी, तुम्हाला दोष द्यायला बसलेले नाही. तीन मुली, सासरे, चूल, सण, कोणाचीही जीभ ‘तू मोठी ना’वर जाते. सोपं वाक्य आहे, रडं लगेच थांबतं. पण ते थांबतं कारण मोठी गिळते. व्हिएन्नाच्या आल्फ्रेड आडलरने शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की दुसरं मूल आलं की पहिल्याला गादीवरून उतरवल्यासारखं वाटतं. तुमची लेक दोनदा उतरली. याच आडलरपासून ‘जन्मक्रमावरून स्वभाव ठरतो’ हीही समजूत पसरली, आणि ती मात्र मोठ्या पाहणीत टिकली नाही. अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या वीस हजारांहून जास्त लोकांची माहिती २०१५ मध्ये तपासली गेली, तेव्हा जन्मक्रमाचा नि स्वभावाचा म्हणावा असा संबंध सापडला नाही. तुमची ताई समजूतदार दिसते कारण आपण तिला दुसरी जागाच ठेवलेली नाही.

तिला मोठेपणाची कामं द्या, पण त्यासोबत मोठेपणाचं काहीतरी मिळूही द्या. धाकट्या झोपल्यावर अर्धा तास जास्त जागायला मिळू दे, आणि त्या अर्ध्या तासात तिला भांडी पुसायला लावू नका. यंदाचा आकाशकंदील कसा करायचा हे तिला ठरवू द्या, वेडावाकडा झाला तरी तोच लावा. तिच्या वस्तू धाकट्यांना देण्याआधी तिला विचारा, आणि ती नाही म्हणाली तर चेहरा पाडू नका. मनूच्या रडण्याने तिला स्टूल मिळालं, हे मनूच्या लक्षात आलंय, तेव्हा पुढचं रडणं आणखी मोठ्याने येईल, तयारीत राहा.

पत्र लिहिल्याबद्दल तिला रागावू नका. पाकिटाचं तिकीट तिने पाहुण्यांनी हातावर ठेवलेल्या पैशांतून आणलंय, तसं तळाशी लिहिलंय. ते पाच रुपये तेवढे तिला परत द्या.

— माई