दोघंच जा, पण आधी तिला विचार

चि. लेकरा,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला बेत नीट वाचला. डिसेंबरात लग्नाला वर्ष होतंय, बँकेला दुसऱ्या शनिवारची सुट्टी आहे, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी लातूरहून गाडी काढायची. गणपतीपुळे, जयगड, आरे-वारे, पावस, रत्नदुर्ग करत मालवणला सिंधुदुर्ग किल्ला बघायचा आणि सोमवारी सकाळी काउंटरवर हजर व्हायचं. शिवाय बायकोला यातलं काहीच आधी सांगायचं नाही. तुझी हौस मला मनापासून आवडली. आपल्याकडं नवरा-बायको दोघंच असे जातात कुठं? तुळजापूर, पंढरपूर नाहीतर कुणाचं तरी लग्न, आणि तेही घरच्या आठ-दहा माणसांच्या घोळक्यात. म्हणूनच हे दोन दिवस चांगले जावेत असं फार वाटतं, आणि तू लिहिलंयस तसं केलंस तर ते जाणार नाहीत.

आधी सरप्राइजचं बोलते. ते सोडून दे. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. शनिवारी तिची सकाळची शाळा असते, म्हणजे तिला किरकोळ रजा टाकावी लागणार, मुख्याध्यापकांना आधी सांगावं लागणार. तिच्या पाळीची तारीख कुठं येते हे तुला ठाऊक आहे का? नसेल तर विचार, त्यात लाजण्यासारखं काही नाही. दोन दिवस पाण्याजवळ काढायचे आणि पोटात दुखतंय म्हणून तिनं खोलीत पडून राहायचं, असं होऊ नये. आणि डिसेंबर म्हणजे मार्गशीर्ष. ती गुरुवार धरते का, तुमच्या घरी महिनाभर मांस-मच्छी बंद असते का, खंडोबाचं नवरात्र असतं का, हे सगळं तू गृहीत धरून टाकलंयस. तू मासळीची खानावळ शोधून ठेवायचीस आणि तिनं तिथं बसून वरणभात खायचा, याला लग्नाचा वाढदिवस कसं म्हणायचं?

मी बँकेत असताना किती सहकाऱ्यांच्या बायका बघितल्या. नवऱ्यानं ठरवलं, त्या गेल्या, फोटोत हसल्या. कुठं जायला आवडेल असं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. तू विचार. ती म्हणेल, "तुम्ही ठरवाल तसं." तेवढ्यावर थांबू नकोस. दोन-तीन दिवसांनी पुन्हा विचार. सवय नसते रे, उत्तर यायला वेळ लागतो.

तारखेचा हट्टही धरू नकोस. वाढदिवस मंगळवारी येत असेल तर आधीचा किंवा नंतरचा सुट्टीचा शनिवार धर. फक्त येळवस सांभाळ. मार्गशीर्षातल्या अमावस्येला अख्खा लातूर जिल्हा शेतात असतो, तुमच्या घरीही भज्जी-आंबील होणार, शेतातल्या कडब्याच्या कोपीतल्या पूजेला सून लागणार. त्या दिवशी तुम्ही दोघं समुद्रावर असलात तर ते वर्षभर ऐकावं लागेल, आणि ऐकावं लागेल ते तिला, तुला नाही.

आता जागेचं. लातूरहून सोलापूर, कोल्हापूर, आंबा घाट करत रत्नागिरी साडेचारशे किलोमीटरच्या वर आहे. मालवण तिथून आणखी दीडशेच्या पुढं. रात्रभर गाडी चालवून तू घाट उतरणार, डोळे चुरचुरत देवळाच्या रांगेत उभा राहणार, आणि परत तेवढंच अंतर. दोन दिवसांत समुद्र किती वाट्याला येईल, तूच हिशेब कर. कोकण चार-पाच दिवसांची रजा काढून बघायचा मुलूख आहे. तो नंतर बघा, आई-बाबांना घेऊन बघा.

या वेळी अलिबाग कर. त्यामागं माझं एक साधं कारण आहे: रात्री लातूरहून मुंबईची गाडी असते. शुक्रवारी जेवून बसायचं, झोपायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं. तोंड धुऊन, चहा घेऊन टॅक्सीनं गेटवे ऑफ इंडियाला दहा-पंधरा मिनिटांत पोचता. तिथून मांडव्याला लाँच सुटतात. तासाभराचा प्रवास, आणि मांडव्याहून अलिबागची बस बऱ्याच कंपन्यांच्या त्याच तिकिटात असते. पावसाळ्यात या लाँच बंद असतात, डिसेंबरात अडचण नाही. गाडी चालवायची नाही, घाट नाही, पार्किंग नाही. तुझे दोन्ही हात मोकळे.

लाँचमध्ये थोडे पैसे जास्त पडले तरी वरच्या डेकवर बसा. हिवाळ्यात कुरव पक्षी आलेले असतात. लाँच धक्क्यावरून हलली की ते मागं लागतात, पंख न हलवता अगदी कठड्याच्या उंचीवर तरंगत राहतात, इतके जवळ की त्यांचा डोळा दिसतो. लोक त्यांना कुरकुरे टाकतात, तुम्ही टाकू नका.

तिनं अजून समुद्र बघितलेला नाही असं तू लिहिलंयस. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा ती शाळेत असेल. माहेर गावातलंच, म्हणजे टँकरच्या रांगेत घागर घेऊन तीही उभी राहिली असणार. अशा माणसासमोर एकदम एवढं पाणी आलं की तो बराच वेळ बोलत नाही. तिला तो वेळ दे. "कसं वाटतंय?" म्हणून मोबाइल पुढं करू नकोस. फोटो संध्याकाळीही काढता येतात.

राहायला अलिबागच्या ऐन गर्दीत नको. वरसोली, आक्षी किंवा नागावला नारळी-पोफळीच्या वाडीत घरगुती सोय होते. आधी फोन करून तीन गोष्टी विचार: सकाळी अकराच्या सुमारास आलो तर खोली मिळेल का, गरम पाणी कितीला येतं, आणि जेवण घरीच करतात का. आधार कार्ड दोघांचंही ठेव. तिच्या कार्डावर अजून माहेरचंच नाव असेल, तर काही ठिकाणी नको ते प्रश्न विचारतात. नाव बदलायला हवं असं अजिबात नाही, पण विवाह नोंदणीच्या दाखल्याचा एक फोटो मोबाइलमध्ये असू दे, म्हणजे तिला दारात अवघडून उभं राहावं लागणार नाही.

आता भरती-ओहोटी. दोन दिवसांचं वेळापत्रक तू करू नकोस, ते समुद्राचं असतं. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज ती पाऊण-एक तासानं पुढं सरकते. मुंबईच्या किनाऱ्यासाठी जुन्या माणसांचा आडाखा आहे: पक्षातली जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा वाजता, सकाळीही आणि संध्याकाळीही. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस, तेव्हा दोन्ही बेताचंच. थोडा इकडंतिकडं फरक पडतो, म्हणून तिथं गेल्यावर घरमालकांना किंवा कोळ्यांना विचारून पक्कं कर.

हे एवढं सविस्तर सांगते कारण कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांनी तो बांधायला घेतला, पुढं कान्होजी आंग्र्यांनी तिथून आरमार चालवलं. किल्ला किनाऱ्यापासून थोडा आत, पाण्यात आहे, आणि ओहोटीला तिथवर चालत जाता येतं. भरतीला तीच वाट पाण्याखाली असते. भांगाच्या दिवसांत ती पूर्ण कोरडी पडेलच असं नाही, मग घोडागाडी किंवा होडी. चालत जायचं असेल तर ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी निघा. पायाखाली ओली वाळू, मधेच शेवाळलेले खडक, डबक्यांत अडकलेले बोटभर मासे आणि पाय आत ओढून घेणारे शंख. चपला हातात घ्या, खडकावर पुन्हा घाला, कालवांच्या शिंपल्यांची धार ब्लेडसारखी लागते. आत गणपतीचं देऊळ आहे, आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना विहिरीला गोडं पाणी आहे. ती विहीर तिला दाखव. पाण्याची किंमत कळणाऱ्या माणसाला ती तोफांपेक्षा जास्त आवडते. आणि पाणी फिरलं, म्हणजे भरती लागली, असं कुणी म्हणालं की गप्पा अर्धवट टाकून निघायचं.

एक गोष्ट मात्र मी विनंती म्हणून नाही, ताकीद म्हणून लिहिते. तू विहिरीत पोहायला शिकलायस, पाठीला डबा बांधून. आपल्याकडची बरीच पोरं तशीच शिकतात आणि चांगली पोहतात. पण विहिरीचं पाणी जागचं हलत नाही आणि चार हात मारले की कड हाताला लागते. समुद्र ओढतो. खाऱ्या पाण्यात अंग हलकं लागतं, त्यामुळं उमेद वाढते आणि माणूस आत जातो. जिथं लाटा फुटताना दिसत नाहीत, पाणी शांत वाटतं, तिथूनच बऱ्याचदा आत जाणारा ओढा असतो. पाणी ओसरत असताना गुडघ्याच्या वर जायचं नाही. अंधार पडल्यावर पाण्यात पाय नाही. कधी ओढला गेलासच तर किनाऱ्याकडं सरळ झटायचं नाही, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत त्या ओढ्यातून बाजूला निघायचं आणि मग लाटेबरोबर बाहेर यायचं. बायकोसमोर पोहून दाखवायची जागा ही नव्हे. कोकणातल्या किनाऱ्यांवर बुडालेल्यांच्या बातम्यांत घाटावरची, आपल्या बाजूची तरुण मुलं फार असतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पोहता येत होतं.

तिला लाटांत उभं राहायचं असेल तर खुशाल राहू दे. सुती ड्रेस बरा, साडी भिजली की जड होते आणि पायात अडकते. मोठा टॉवेल, जास्तीचे दोन जोड आणि ओल्या कपड्यांना एक प्लास्टिकची पिशवी. बायकांना कपडे बदलायला किनाऱ्यावर धड जागा नसते, म्हणून खोलीपासून चालत जाता येईल असाच किनारा धरा.

खायचं म्हणशील तर त्या दिवसांत पोपटी लागलेली असते, ती चुकवू नका. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालतात, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे, मीठ, ओवा. पाण्याचा थेंब नाही. पाल्यानंच तोंड बंद करून मडकं उपडं ठेवतात आणि भोवती पेंढा, काटक्या पेटवतात. अर्ध्या तासानं मडकं उघडलं की जो वास येतो तो मी तुला कागदावर देऊ शकत नाही. आपल्या हुरड्यासारखाच तो घोळक्यानं शेकोटीभोवती बसून खायचा प्रकार आहे. अंडी, कोंबडीही घालतात, पण मार्गशीर्ष पाळत असाल तर नुसत्या शेंगांची सांगा, करून देतात. घरमालकांना आदल्या दिवशी सांगावं लागतं.

राहिलं घरचं. "ट्रेनिंग आहे" असं सांगून जायचं तुझ्या मनात आहे, हे मला वाचताना खटकलं. खोटं बोलून गेलास तर दोन दिवस तिच्या जिवाला घोर, आणि कळलं की खापर तिच्यावर. आईशी तू स्वतः बोल, तिच्यामार्फत निरोप नको. आठ-पंधरा दिवस आधी, स्वयंपाकघरात, शांतपणे: "आम्ही दोघं दोन दिवस अलिबागला जाऊन येतो." आई म्हणेल, "आम्ही कधी गेलो होतो?" यावर वाद घालू नकोस. ती खरंच गेलेली नाही, आणि त्या वाक्यात राग कमी आणि दुखणं जास्त असतं. तुझ्या बाबांनी तिला कधी नेलं नाही याचं तिला वाटत असणार. ऐकून घे. पुढं सुट्टीत त्या दोघांना गणपतीपुळ्याला ने, आणि ते बोलून दाखवायचं असेल तर तिकीट काढूनच बोल. तिथं गेल्यावर पोचल्याचा एक फोन कर, दुसऱ्या दिवशी निघताना एक. दर तासाला व्हिडिओ कॉल करून किनारा दाखवत बसलास तर तुम्ही दोघं गेलात कुठं?

रविवारी दुपारची लाँच धरा, शेवटच्या लाँचच्या भरवशावर राहू नका, रविवारी गर्दी उसळते. मुंबईहून रात्रीची गाडी आहेच. सोमवारी सकाळी लातूरला उतराल. त्या दिवशी दोघांनीही अर्धी रजा टाका. घरी पोचल्या पोचल्या ती स्वयंपाकाला आणि तू बँकेला, असं करू नकोस. चहा तू कर.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि शुक्रवार-रविवारची बर्थ लगेच भरतात, म्हणून या आठवड्यातच तिच्याशी बोल. आणि ती म्हणाली की मला समुद्र नको, थंडी-वाऱ्यात निवांत डोंगरावर बसायचंय, तर मला फोन कर. म्हैसमाळ-वेरूळचा बेत आपण दुसरा करू.

तिला माझा आशीर्वाद सांग.

तुझ्या,
बँकेतल्या मॅडम