कालची ओवी आज आठवायला हवी

प्रिय बाळा,

प्रभूमध्ये सलाम.

वर्षाच्या पहिल्या दिवशी बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरुवात केली, फेब्रुवारीत तिसऱ्या पुस्तकापाशी, लेवीयापाशी, वाचन थांबलं, आता पुन्हा कुठून धरू, असं तू विचारलंस. आधी हिशोब बघ. रोज तीन अध्याय म्हटले तर उत्पत्तीचे ५० आणि दुसऱ्या पुस्तकाचे, निर्गमाचे, ४० मिळून नेमके ३० दिवस होतात. त्यातही निर्गमाच्या २५ व्या अध्यायापासून निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात, पडदे, कड्या, फळ्या. तिथे पाय जड होतात आणि लेवीयात होमार्पणाचे नियम आले की पुस्तक मिटतं. यात तुझी भक्ती कमी पडली असं मुळीच नाही. सुरुवातीलाच घाटाचा रस्ता धरला गेला, एवढंच.

मार्कापासून सुरू कर. १६ अध्याय, येशूचं चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत सगळ्यांत लहान. रोज दहा-पंधरा ओव्या, म्हणजे अध्यायातली क्रमांकाची वचनं, जास्त नकोत. पहिल्या अध्यायाला चार दिवस दे: १ ते १३, १४ ते २८, २९ ते ३९, ४० ते ४५. आठवड्याचे पाच दिवस वाचन, शनिवार राहिलेल्यासाठी, रविवार मंडळीसोबत.

मोठ्याने वाच, आणि दोनदा. इंदूरच्या आपल्या मुलांचं शिक्षण हिंदीतून, उपासनाही बहुतेक हिंदीतच, म्हणून मराठी बायबल वाचताना जीभ अडखळते. अडखळू दे. एकदा मराठीत वाच, एकदा हिंदीत. जिथे दोन्ही शब्द वेगळे दिसतील तिथे थांब. पुस्तकांची नावं मात्र एका चिठ्ठीवर लिहून मुखपृष्ठाच्या आत चिकटव. हिंदीतलं भजन संहिता म्हणजे आपली स्तोत्रसंहिता, न्यायियों म्हणजे शास्ते, आणि व्यवस्थाविवरण म्हणजे आपलं ‘अनुवाद’. हे नाव बघून भाषांतर समजू नकोस. ते मोशेचं पाचवं पुस्तक आहे.

आता तिसऱ्या दिवसाचा भाग घे. येशूचा शिष्य शिमोन याची सासू तापाने पडलेली असते, येशू तिचा हात धरून तिला उठवतो. मग ३२ व्या ओवीत सूर्य मावळल्यावर लोक आजाऱ्यांना घेऊन येतात. सूर्य मावळल्यावरच का? दुपारी का नाही आणलं? उत्तर आदल्या दिवशी वाचलेल्या २१ व्या ओवीत आहे: तो शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विसाव्याचा दिवस होता. शब्बाथ संध्याकाळपासून संध्याकाळपर्यंत पाळायचा आणि त्या दिवशी ओझं उचलायचं नाही. माणसाला खाटेवर घालून आणायचं तर दिवस मावळायची वाट पाहणं भाग होतं. त्या दारापुढची गर्दी किती वेळ आत दाटून राहिली असेल, हे या एका शब्दावरून कळतं. पण २१ वी ओवी आठ दिवसांपूर्वी वाचलेली असेल तर ३२ वी मुकी राहते. रोज वाच असं मी वारंवार म्हणते त्याचं कारण हेच. शास्त्र आपल्या आठवणीवर उलगडतं, आणि आठवण चार-आठ दिवसांच्या खंडाने विरते.

चौथ्या दिवशी बघ, बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याला प्रभू सांगतो, याजकाला दाखव आणि मोशेने नेमलेलं अर्पण कर. ते अर्पण कुठे नेमलंय? लेवीयाच्या १४ व्या अध्यायात: दोन पक्षी, एकाचा वध, दुसरा उघड्या रानात सोडून द्यायचा. ज्या पुस्तकापाशी तू थांबलास तिथेच मार्क तुला हाताला धरून नेतो. लेवीयाकडे असं जा.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नकोस. दुप्पट वाचणारा तिसऱ्या दिवशी तिप्पट देणं लागतो आणि मग उघडतच नाही. खूण जिथे आहे तिथूनच पुढे. नळाला नर्मदेचं पाणी येईल त्या सकाळी घरात धावपळ असते, तेव्हा त्या दिवसाचं वाचन रात्रीसाठी ठेव. आदल्या दिवशीच ठरव, ऐनवेळी नाही. भंवरकुआँच्या क्लासला जाताना बसमध्ये मोबाइलवर वाचायला हरकत नाही, पण ते दुसरं वाचन असू दे. पहिलं कागदावरच कर, कारण मोबाइल उघडला की वचनाआधी दहा निरोप दिसतात.

रोज सकाळी येणाऱ्या एकेका सुट्या वचनावरही समाधान मानू नकोस. यिर्मयाच्या पुस्तकातली २९ व्या अध्यायाची ११ वी ओवी कितीजण पाठवतात! तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, हे वचन बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, बंदिवान गेलेल्यांना लिहिलेल्या पत्रातलं. त्याच्या आधीच्या ओवीत सत्तर वर्षांचा काळ सांगितलाय, आणि त्याआधी घरं बांधा, बागा लावा, त्या नगरासाठी प्रार्थना करा असं. पूर्ण वाचलं की वचन लहान होत नाही, उलट त्याला बळ येतं.

वहीत चारच ओळी लिही: तारीख आणि भाग, काय दिसलं, काय कळलं नाही, आणि एका वाक्याची प्रार्थना. तिसरी ओळ रिकामी ठेवू नकोस. न कळलेलं लिहिलंस तर रविवारी पाळकांना विचारता येतं. काही दिवस मन कोरडं राहील, वाचून काहीच वाटणार नाही. त्या दिवशी दुसऱ्या ओळीत फक्त काय घडलं ते लिही. भावना ओढूनताणून आणू नकोस.

मार्काला अडीच-तीन महिने लागतील. नंतर वाढव: नव्या कराराचे २६० अध्याय आहेत, आठवड्याला पाच म्हणजे ५२ आठवडे. जुन्या करारातून तेवढ्या काळात रोज स्तोत्राचा एक तुकडा पुरे. ११९ वं स्तोत्र आलं की त्याचे आठ-आठ ओव्यांचे २२ भाग करून घे.

सोमवारी मार्क १, ओव्या १ ते १३. वही आणि पेन्सिल रविवारी रात्रीच बायबलावर काढून ठेव, आणि तिसऱ्या ओळीत जे लिहिशील ते मला कळव.

तुझी,
मावशी